डावी पापणी

२० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी चहा पिताना बनुबाईच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा गळून पातळावर सांडला. मी म्हटलं, "लक्ष कुठं आहे?" ती हसली, आणि हसताना तिचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं. तिला स्वतःला कळलंच नाही. माझ्या हातातून बशी पडली.

पुण्याला ऋषिराजला फोन केला. "तुझ्या आईची उजवी बाजू गेली." तो घाबरला.

"तात्या, हात हलतोय का?"

"हलतोय."

"बोलतेय का?"

"बशी फोडली म्हणून मला बोलतेय."

"मग आधी डॉक्टरकडं न्या. मला फोन नंतर करा."

गल्लीतल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, पक्षाघात नाही. चेहऱ्याच्या शिरेला सूज आहे, बहुतेकांचं सहा-आठ आठवड्यांत उतरतं. गोळ्या दिल्या. डोळ्याचे थेंबही दिले. म्हणाले, "त्या बाजूचा डोळा मिटत नसला तर थेंब घालत राहा, झोपताना पट्टी लावा. डोळा कोरडा पडता कामा नये." मी दोनदा विचारून पक्कं केलं. विसरायला नको म्हणून तळहातावर लिहून आणलं.

घरी आल्यावर तिला डोळे मिटायला लावले आणि उजव्या डोळ्याला बोट लावून बघितलं. पापणी घट्ट मिटते. म्हणजे थेंब लागणार नाहीत, पट्टीही नको. बाटली देव्हाऱ्यात ठेवली आहे, लागली तर असावी. एवढं एक तरी बरं झालं.

२२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी जेवून बनुबाई आडवी झाली. मी शेजारी पेपर वाचत होतो. सहज बघितलं तर ही झोपलेली, घोरतेय, आणि डावा डोळा अर्धा उघडा. बुबुळ वर गेलेलं, खाली नुसतं पांढरं.

माझे वडील गेले तेव्हा त्यांचे डोळे असेच राहिले होते. आईनं हातानं मिटवले, पण एक मिटेना. म्हातारी माणसं म्हणाली, जीव कशात तरी अडकलाय, इच्छा राहिली. मी तेव्हा सातवीत होतो. त्या वर्षी शाळा सुटली आणि शाळेत शिकलेलं बरंचसं विसरलो, पण तो डोळा विसरलो नाही.

मी हळूच बनुबाईची पापणी खाली ओढायला गेलो. ती जागी झाली.

"काय करताय?"

"काही नाही."

"मी मेले न्हाई अजून."

तिला कसं कळलं कोण जाणे.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. आजार उजव्या बाजूचा, आणि उघडा राहतो डावा डोळा. म्हणजे त्याचा आजाराशी संबंध नाही. दुसरंच काही तरी आहे. डॉक्टरांना सांगावं असं मनात आलं, पण दोन आजार सांगितले की डॉक्टर तिसरा शोधतात.

सकाळी भाजी निवडताना तिला विचारलं, "बनू, तुझी काही इच्छा राहिली आहे का?"

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "पिस्ता आइस्क्रीम," म्हणाली.

लगेच आणलं. अर्धं खाल्लं, अर्धं डावीकडून गळलं.

"अजून?"

"इमानात बसायचं ऱ्हायलंय."

ऋषिराजला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. कसलं विमान, कुठं जायचंय, आई बरी आहे ना, असं ओरडून विचारायला लागला. बनुबाई तोंडाला पदर लावून हसत होती. हसली की उजवीकडे ओढलं जातं म्हणून ती आता पदर लावते.

"आवं, चेष्टा केली. तुमाला कळंना का झालंय?"

मला काही कळत नाही हे खरं आहे. पण इच्छा काय ते तिनं सांगितलं नाही, हेही खरं आहे.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी गल्लीत तुळशीची लग्नं झाली. आमचीही झाली. बनुबाई नंतर मागच्या दारात जाऊन उत्तरेकडे तोंड करून हात जोडून उभी राहिली. "आज म्हसवडला नाथाचं लगीन," एवढंच म्हणाली.

म्हसवड तिचं माहेर. सिद्धनाथाची यात्रा तिनं लहानपणापासून कधी चुकवली नव्हती. मागल्या अकरा वर्षांत गेली नाही. तिच्या धाकट्या भावाच्या, बिराप्पाच्या, मुलाच्या लग्नात मला फेटा बांधला नाही. घरच्या जावयाला सोडून साखर कारखान्यातल्या कुणा साहेबाला बांधला. मी न जेवता उठलो, हिला घेऊन एसटीत बसलो. तेव्हापासून जाणं-येणं बंद. तिनं त्या दिवशीही काही म्हटलं नाही, नंतरही नाही. म्हणजे तिला ते पटलेलं असणार.

तीर्थयात्रेची इच्छा असेल का? काशी विचारून बघतो.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काशी नको म्हणाली. "गुडघं कोन न्हेणार तितं?"

डावा डोळा लाल आहे, पाणी येतं. वाळू गेल्यासारखं खुपतं म्हणाली. आमचं घर एमआयडीसीच्या कडेला, समोर ओतकाम करणाऱ्यांच्या शेड. मी तिथंच एका कारखान्यात तीस वर्षं काढली, ती धूळ मला माहीत आहे. गुलाबपाण्यानं डोळा धुतला. खिडक्या बंद केल्या.

दिवसभर तिच्याकडे बघत बसतो. बघून बघून मीच थकलो. ती म्हणते, "वॉचमनसारखं बसू नगा. जरा भाईर जाऊन या." बाहेर जाऊन काय करू? चौकापर्यंत जातो आणि परत येतो.

२९ नोव्हेंबर, बुधवार

आज दुपारी पुन्हा तसंच. डोळा पहिल्यापेक्षा जास्त उघडा वाटला. बुबुळाच्या खालच्या बाजूला काही तरी पांढुरकं दिसलं, किंवा उजेड पडला असेल.

माझं सगळं विचारून झालं. कानातलं नको, काशी नको, ऋषिराजकडं पुण्याला राहायला नको. एक म्हसवड तेवढं मी विचारलेलं नाही. मुद्दामच विचारलं नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली, तर मला जावं लागेल.

हे लिहिल्यावर लाज वाटली. पण लिहिलं ते खोडत नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

बिराप्पाचा नंबर तिच्या वहीत होता. फोन लावला.

"कोन?"

"मी आकाराम. कुपवाड."

मागून वाऱ्याचा आवाज येत होता. तो रानात असावा. मग म्हणाला, "आक्का हाय न्हवं?"

"आहे. पण डोळा उघडा ठेवून झोपते. तिची इच्छा अडकली आहे. तू येऊन जा."

"उद्याच्या पयल्या गाडीनं येतो."

एका शब्दानं मागचं काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

१ डिसेंबर, शुक्रवार

बिराप्पा साडेदहाला आला. हातात बाजरीची पिशवी. दारातच म्हणाला, "दाजी, फेटा आणल्याला न्हाई. आदीच सांगतो. रागवायचं आसंल तर रागवा, पर कुटं जाताय? घर तुमचंच हाय."

बनुबाई आतून आली. अकरा वर्षांनी भाऊ दिसला, तर ही म्हणते काय, "वाळलास की रं."

"तू तोंड कुणाला वाकडं करून दावतीस? मला?"

दोघं हसली आणि मग रडली. मी चहा ठेवला. रडतानाही तिचा डावा डोळा उघडाच होता. बिराप्पानं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, मेंढरू बघावं तसा.

"दाजी, ह्यो डोळा मिटत न्हाई."

"मला माहीत आहे. दहा दिवस झाले."

"म्हाईत हाय? आनि?"

"इच्छा…"

"इच्छा कसली घिऊन बसलाय! डोळा वाळलाय. बुबुळावर पांढरं फूल पडाय लागलंय. मेंढीची पापनी काट्यानं फाटली की असंच हुतंय. पापनी डोळ्याला वलं ठेवती. ती मिटली न्हाई की डोळा वाळतो, वाळला की फूल, आनि फूल मोठं झालं की डोळा गेला. उटा. रिक्षा बोलवा."

मी म्हटलं, आजार उजव्या बाजूचा आहे. त्यानं ऐकलं नाही, तो चपला घालत होता.

सांगलीला डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो. टेबलावर छापील फॉर्म दिला. मीच भरला, माझं अक्षर चांगलं आहे. 'बाधित बाजू' असं होतं, तिथं 'उजवी' लिहिलं. खाली सही केली. डॉक्टरीणबाईंनी बनुबाईला डोळे मिट म्हटलं, गाल फुगव म्हटलं, डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या दिव्यानं बघितलं. मग मला विचारलं, "थेंब घालत होता का?"

"नाही. बाटली देव्हाऱ्यात आहे."

त्यांनी खुर्ची वळवली. पुढचं सगळं बिराप्पाशीच बोलल्या. बुबुळाला जखम झाली आहे. पापणीच्या आत सोन्याचा बारीकसा तुकडा बसवायचा, त्याच्या वजनानं पापणी खाली येते. शिरेनं जोर धरला की पुढं काढताही येतो, पण तोवर थांबलं तर डोळा राहणार नाही. तुकडा मापाचा लागतो, ऋषिराजच्या कंपनीच्या विम्याची परवानगी आली की मागवतात. तोवर तासातासाला थेंब, मलम, पट्टी.

बनुबाई येताना रिक्षात म्हणाली, "जल्मात सोन्याची फुली घातली न्हाई. आता पापनीत सोनं. चोरालाबी गावायचं न्हाई."

२ डिसेंबर, शनिवार

परवानगी आली नाही. हॉस्पिटलात विम्याच्या टेबलावर ओवी नावाची मुलगी बसते. वय असेल बावीस-तेवीस. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिनं खुर्ची दिली आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

"आजोबा, आजाराचं नाव प्रत्येक डॉक्टर वेगळं लिहितो. म्हणून आम्ही त्याचा आकडा करतो. आकडा सगळीकडे एकच. हे बघा, एच शून्य दोन म्हणजे पापणीचा आजार. पुढचा दोन म्हणजे पापणी मिटत नाही. तीन म्हणजे शिरेच्या लुळेपणामुळं मिटत नाही. आणि शेवटचा आकडा सांगतो कुठली पापणी."

शेवटी एक होता. मी मान हलवली. माझ्या बनुबाईचा डोळा एवढ्याशा ओळीत बसवला आहे, याचं नवल वाटलं. शेवटच्या एकचा अर्थ मी विचारला नाही.

उद्या रविवार. कुणी नसतं.

३ डिसेंबर, रविवार

दर तासाला थेंब. बिराप्पा आणि मी पाळीनं घालतो. तो घालतो तेव्हा ती हलत नाही. मी घालतो तेव्हा अर्धे गालावर जातात. बुबुळावरचं पांढरं ज्वारीच्या दाण्याएवढं दिसतं. खिडकीतले गज त्या डोळ्यानं दोन दिसतात म्हणाली, मग म्हणाली दिसतच नाहीत.

४ डिसेंबर, सोमवार

विमा कंपनीनं कागद परत पाठवले. कागदांवर उजवा डोळा, हॉस्पिटलानं काढलेल्या फोटोत डावा. नक्की कुठला ते लेखी कळवा.

हॉस्पिटलातले मधुकरसाहेब ओवीच्या टेबलापाशी उभे होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "डावं-उजवं कळत नाही आणि कोडिंग करायला बसतेस? डावीच्या चारच्या जागी उजवीचा एक? पेशंटचा डोळा आहे तो." ती म्हणाली, "सर, डॉक्टरांच्या कागदावरचं अक्षर लागत नव्हतं, त्या ऑपरेशनमध्ये होत्या. मग पेशंटच्या सहीच्या फॉर्मवरून घेतलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आजोबा, फॉर्मवर उजवी तुम्ही लिहिलंत?"

मी म्हटलं, "आठवत नाही. गर्दी होती."

मला आठवत होतं. अगदी शाईसकट आठवत होतं.

घरी येऊन बिराप्पाला विचारलं, उजवी नाही तर डावी कशी? तोंड तर उजवीकडे गेलंय. त्यानं कपाळाला हात लावला.

"दाजी, रस्सीखेच बघितलीसा का? दोर कुनीकडं जातो? ज्येच्यात जोर हाय त्येच्याकडं. तोंड उजवीकडं गेलं, म्हंजे उजवी बाजू जित्ती. मेलेली बाजू ओढंल कशी?"

मी पायरीवर बसून ही वही मागे चाळली. चहा डावीकडून गळला, आइस्क्रीम डावीकडून गळलं, डोळा डावा उघडा राहिला. सगळं ह्या वहीत मीच लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले होते, त्या बाजूचा डोळा. मी चांगल्या डोळ्याला बोट लावून समाधान मानलं आणि आजारी डोळ्याची इच्छा विचारत फिरलो.

आज एक दिवस आणखी गेला. तो दिवस माझ्या नावावर.

५ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आठलाच हॉस्पिटलात जाऊन बसलो. मधुकरसाहेब आल्यावर सांगितलं की फॉर्म माझा, अक्षर माझं, चूक माझी, काल खोटं बोललो. ते म्हणाले, "असू दे आजोबा, लिहून द्या." ओवीनं कागद दिला. मी लिहिलं: 'माझी पत्नी बनुबाई हिची डावी बाजू बाधित असून डावा डोळा मिटत नाही. मी अज्ञानाने उजवी लिहिले.' डावी या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

ओवीनं एक काढून चार केला. बटण दाबलं.

"मुली, तुला माझ्यामुळं बोलणं बसलं."

"आजोबा, मी फोटो उघडून बघायला पाहिजे होता. आता बघते. आधी फोटो बघते आणि मग आकडा." मग डबा उघडून म्हणाली, "चपाती खा. तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

चार वाजता परवानगी आली.

७ डिसेंबर, गुरुवार

तुकडा आज आला. दुपारी बसवला. पाऊण तास लागला. बाहेर मी आणि बिराप्पा. तो तंबाखू मळत होता आणि खात नव्हता.

मी म्हटलं, "त्या दिवशी फेटा का बांधला नाहीस?"

तो म्हणाला, "खरं सांगू? इसरलो. पोराचं लगीन, डोकं ठिकाणावर हुतं का? तुमी म्होरं बसला असतासा तर दिसला असतासा. तुमी मांडवाच्या मागं, आचाऱ्याला शिकवत बसल्यालासा."

ते खरं आहे. भाताला पाणी जास्त झालं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोळा वाचला म्हणाल्या. जखमेचा डाग मात्र राहणार. त्या डोळ्यानं धुरकट दिसेल, दाट धुक्यातून दिसावं तसं. "चार-पाच दिवस आधी आला असतात तर," एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी मनात मोजलं. दहा दिवस इच्छेचे, एक खोटेपणाचा.

१३ डिसेंबर, बुधवार

आज म्हसवडला नाथाचा रथ. बिराप्पा काल गेला. जाताना म्हणाला, "आक्का, औंदा डोळा जप. फुडच्या साली रथाला दोगंबी या. दाजी, तुमी म्होरं बसायचं."

त्यानं फोनवर रथ दाखवला. गुलालानं सगळं पडदाभर लाल. बनुबाईनं उजवा डोळा झाकून डाव्यानं बघायचा प्रयत्न केला. "लाल दिसतंय," म्हणाली. "लाल हायच की त्ये."

मी आत जाऊन आलो.

तिला सांगितलं. सगळं, देव्हाऱ्यातल्या बाटलीपासून खोट्या बोलण्यापर्यंत. ती कोथिंबीर निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला म्हाईत हुतं डोळा दुकतोय त्यो डावा. मीबी धूळच म्हनत हुते. दोगंबी सारकीच." मग थोड्या वेळानं, "पर बिरूला फोन केलासा."

१७ डिसेंबर, रविवार

थकवा जात नाही. थेंब आता चार वेळा. बाटलीवर चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरात 'डावा' लिहिलं आहे.

दुपारी ती झोपली. मी पेपर बाजूला ठेवून बघितलं. उभी असली, बसली असली की पापणी पुरी मिटते. आडवी झाली की सोन्याचं वजन कमी पडतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती बारीक फट दिसली. उशी उंच करायला वाकलो, तर ती जागीच होती.

"काय बघताय?"

"फट राहिली आहे थोडी."

"म्हंजे इच्छा ऱ्हायली म्हना की."

मी उशी उंच केली. ती उजवीकडे ओढलेल्या तोंडानं हसली, पदर न लावता.

"ऱ्हाऊ द्या एकादी. समद्या पुऱ्या केल्यासा तर जावंच लागंल मला. फुडच्या रथापतूर तरी ऱ्हाऊ द्या."

मी डाव्या डोळ्यात मलम घातलं, पट्टी लावली, पट्टी नीट बसली का ते दोनदा बघितलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुपारी तिच्या शेजारी आडवा झालो. ती म्हणाली, "आता तरी डोळं मिटा." मी मिटले. दोन्ही मिटले का, ते मला दिसत नव्हतं. तीच म्हणाली, "मिटलं."